टक्क्याआडचे निरोप

काल माझी नोकरी जाता जाता राहिली, राव. चहा सांग आधी.

महाळुंग्यात आमची स्प्रिंगची कंपनी. हिशेबाचे रिपोर्ट आम्ही लेटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. समीकरण खुणांनी टाइप केलं की पीडीएफमध्ये सुबक उमटतं. त्यात एक गंमत आहे: टक्क्याची खूण टाकली की त्या ओळीतलं पुढचं काहीच छापलं जात नाही. म्हणून आम्ही तिच्याआड एकमेकांना निरोप लिहून ठेवतो.

काल माझ्यासोबत रिपोर्ट लिहिणाऱ्या सोनलला दिसलं, की रिपोर्टमधला पाच टक्क्यांचा टक्का आणि पुढचं वाक्य, दोन्ही गायब. तिने एका फटक्यात फाइलमधले सगळेच टक्के छापले जातील असं केलं आणि पीडीएफ साहेबांना पाठवली. कस्टमरकडे जायच्या आधी ते वाचतात.

लगेच दोघांना केबिनमध्ये बोलावणं. साहेब मोठ्याने वाचायला लागले.

"'समीकरण साहेबांचं आहे. वायरच्या व्यासाचा घन हवा, वर्ग झालाय. कोण सांगणार?' हे कोणाचं?"

"माझं, सर."

"आणि खाली, 'मी नाही बाबा, माझं अप्रेझल आहे'?"

सोनल फरशीकडे बघत होती.

साहेबांनी पेन काढून हिशेब केला. मग म्हणाले, "घनच हवा. हे असंच कस्टमरकडे गेलं असतं तर वाट लागली असती आपली."

जीव भांड्यात पडला. आम्ही दारापर्यंत पोचलो, तर मागून आवाज आला,

"पुढच्या वेळी टक्का न लावता सांगा."