संत हुदासपुढचं पाकीट

फ्रेस्नोतल्या दवाखान्यात माझ्यामागे एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"चायो, ग्रीन कार्डाची तपासणी तर दोन वर्षांपूर्वीच झाली होती ना तुझी? मुलाखतीत द्यायचं ते डॉक्टरांचं सीलबंद पाकीट कुठाय?"

"देव्हाऱ्यात, संत हुदासपुढे."

"अजून?"

"मुलाखतीची तारीख येऊ दे म्हणून नवस बोलले होते, फाउस्तो. आली की नाही?"

"आली, पण तोवर तपासणीची मुदत संपली."

"तो अशक्य कामांचा संत आहे. मुदती बघणं तुझं काम."

"बरं बाई, चुकलो. आता नंबर येईल, तपासून घे."

"आज नको. अठ्ठावीसला येऊ, दर अठ्ठावीसला संत हुदासचा दिवस असतो."

"अगं, मुलाखत सत्तावीसला आहे."

"मग झालं ना अशक्य? आता तो बघेल."