सातवा नको, रिटा

नाही गं, तिथे नको. इथे दारापाशीच बसते मी, या स्टुलावर. ती खुर्ची खिडकीला अगदी लागून आहे — ऊन येतं तिथे. हां, आत्ता नाहीये ऊन, पण येईल. आणि ती खिडकी जरा लावून घेतेस का? रंगाचा वास जावा म्हणून उघडलीस, बरोबर आहे तुझं, सॅम्पल फ्लॅट बघायला आलेल्या माणसाचं डोकं चढलं तर तो फ्लॅट कसला घेतोय. राहू दे मग. मी लांब बसले आहे. दुसराच तर मजला आहे हा. दुसराच आहे ना?

तर मी काय म्हणत होते — सातवा खोड. परेशने सकाळी तुला फोन केला, मला माहीत आहे, माझ्यासमोरच केला — ‘रिटा, आमचा सातवा, पुढच्या बाजूचा, समुद्र दिसतो तो’ — पण खोड. मजला मालकाने निवडायचा असं बिल्डिंगसाठी वाडी घेताना तुमच्याच शेठने कबूल केलंय, आणि मालक कोण? मी. सासऱ्यांनी जाताना वाडी माझ्या नावावर केली, मुलाच्या नाही, सुनेच्या — सगळ्या गिरीजमध्ये चर्चा झाली होती तेव्हा. तुझी आई क्लेमेंटीन म्हणाली होती, यमुने, आता तू जमीनदारीण, आता माझं पाणी अडवू नकोस म्हणजे झालं. थट्टेत गं. आमची वाडी आणि तुमची वाडी एकाच पाटाची, आधी आमच्या केळींना पाणी, मग तुमच्या. ती असती तर आज तिलाच बरोबर आणलं असतं. तुझा चेहरा तिच्यावरच गेलाय, मान वळवलीस की दचकायला होतं.

का नको म्हणजे? भूकंप. भुजला झाला ना, चार-पाच वर्षं झाली, तेव्हा आमच्या बैठ्या घरात फडताळातली पातेली वाजली, मी म्हटलं मांजर शिरलं. आणि इथे स्टेशनकडे लोक जिने उतरून रस्त्यावर, कोणी टॉवेलवर, कोणी दाढीच्या साबणासकट. जेवढं उंच तेवढं जास्त हलतं. — सगळं लोखंड चांगलं वापरलंय, हो, शेठ मलाही म्हणाले. ठीक. भूकंप सोड. लिफ्ट. लाईट गेली की काय करायचं? — जनरेटर. बरं. सगळ्याला उत्तर आहे गं तुमच्याकडे, तू हुशार मुलगी आहेस, मी उगाच तुझा वेळ घेते आहे.

मला तळमजला दे. मागच्या बाजूचा, गाळ्यांच्या पाठीमागे एकच फ्लॅट आहे ना, तो. — माहीत आहे की. गेल्या जुलैत तिथे कमरेएवढं पाणी होतं, मला सांगतेस? मी इथेच उभी होते, भाताची पिंपं वाहून जाताना पाहिली. परेशही तेच ओरडतो. जागा आपली आणि आपणच चिखलात राहायचं, वर सातव्यावर कोणीतरी परका बसून समुद्र बघणार — लोक हसतील म्हणतो. हसू देत. पाणी चढेल तेव्हा दिसेल तरी चढताना. सामान माळ्यावर टाकू. पाण्याची भीती नाही मला, पाण्यातच जन्म गेला.

भीती त्या खिडकीची आहे. हीच, तुझ्या मागची. काय म्हणता तुम्ही तिला — फ्रेंच विंडो. परेशला केवढं कौतुक तिचं, म्हणतो आई, जमिनीपासून खिडकी, पलंगावर पडल्या पडल्या आभाळ. आणि तिची खालची कट्टी बघ केवढीशी आहे. गुडघ्याच्याही खाली. तुला ती खिडकी दिसते. आमच्या घराला मागचं दार होतं, तू लहानपणी आली आहेस, त्याचा उंबरा अस्साच होता उंच — पावसाचं पाणी आत येऊ नये, जनावर आत येऊ नये म्हणून सासऱ्यांनी मुद्दाम उंच घेतला होता. पाय असा उचलून पलीकडे टाकायचा, की आपण वाडीत. पहाटे तेवढी लाईट असायची, बाकी दिवसभर खेळखंडोबा. म्हणून हे पहाटे बावखलावर, वाडीतल्या तळ्यावर, जाऊन मोटर लावायचे, आणि मोटरचा आवाज आला की दुसऱ्याने उठायचं, मागच्या दाराने जायचं आणि पाट फिरवायचा, आधी पानवेल, मग केळी. उशीर झाला की पाणी भलतीकडे जायचं. चाळीस वर्षं हेच. डोळे उघडायची गरजच नाही, पाय आपोआप जातात. त्यामुळे काय झालंय — यांना ती सवय लागली आहे. परेशच्या बाबांना. आता भाड्याच्या घरात चौथ्या मजल्यावर राहतो ना आम्ही, तर तिथे सोसायटीची मोटर लागते पहाटे, टाकी भरायला. ती लागली की हे उठतात, आणि त्या खोलीलाही मेली अशीच खिडकी आहे, हे तिच्याकडे जातात आणि पाय उचलतात. मोटर लावणारा कोणीतरी आहे, मग आपण पाट फिरवायला नको? असं वाटतं त्यांना. झोपेतच. म्हातारं माणूस आहे, त्यांच्यासाठी तळमजला हवा, दुसरं काही नाही. एवढं लिही आणि मी जाते.

काय?

हो. हो, दिवाळीपासून त्यांचा उजवा पाय गेलाच आहे. तू फराळाला आली होतीस, पाहिलंस. त्यांना कुशीवर वळायलासुद्धा हात द्यावा लागतो. — हो गं. बरोबर आहे तुझं. मग खिडकीपर्यंत चालत कसे जातील ते.

दार लोटून घे ते. कोणी येत नाही ना?

मीच जाते, रिटा. मी. मला ठाऊकही नसतं. मोटर तेच लावायचे ना, पाट फिरवायला मी उठायचे, आपोआप जातात ते माझेच पाय. पहिल्यांदा झालं तेव्हा मला जाग आली ती गार वाऱ्याने, बघते तर मी खिडकीत, एक पाय कट्टीवर, आणि खाली रिक्षांची टपं. मला वाटलं वारा घ्यायला उठले असेन. माणूस स्वतःची समजूत घालतो. दुसऱ्यांदा पायाची साल गेली होती, मी सुनेला, क्षितिजाला सांगितलं बाथरूममध्ये घसरले, तिने बिचारीने हळद लावली, रबराची चटई आणून टाकली. दिवसा मी अगदी ठीक असते. भाजी निवडते, हिशोब चुकत नाही, आत्ता तुझ्याशी बोलते आहे ना सरळ? बोलते आहे ना? मग? म्हणून तर जास्त भीती वाटते. वेडं झालेलं माणूस वेडं असतं, त्याला काय. मी शहाणी आहे आणि मला कळत नाही.

सांगू नये हे तुला. पण क्लेमेंटीनची मुलगी आहेस म्हणून — परवाची गोष्ट. पिंकी, परेशची मुलगी, दीड वर्षाची आहे, ती आमच्या खोलीत झोपते, माझ्या कुशीत, तिच्या आईबापाला पहाटे कामावर जायचं असतं म्हणून. परेश लहान होता तेव्हा मी त्याला कडेवर घेऊनच पाट फिरवायला जायचे — घरात कोणाजवळ ठेवणार? एका हातात फावडं, कडेवर पोर. परवा मोटर लागली, आणि मी उठले, आणि — तिला घेतलं. कडेवर. ती झोपलेलीच. आणि पाय टाकला. यांनी पाहिलं. यांना ओरडता येत नाही, तोंड वाकडं झाल्यापासून नुसता घशातून आवाज येतो, आणि परेशच्या खोलीचं दार बंद, आत पंखा मोठा. ह्यांनी पलंगाशी ठेवलेली काठी घेतली, डाव्या हाताने, तिच्या मुठीची वाकडी बाजू माझ्या पदरात अडकवली, आणि धरून ठेवली. नुसती धरून. ओढायचं बळ नव्हतं. मी किती वेळ तशी उभी होते, कोण जाणे. पदर खांद्याला काचला तेव्हा जाग आली. पिंकीचे पाय खिडकीबाहेर होते गं, तिचं एक पैंजण वाऱ्याने वाजत होतं. मी आत आले, तिला खाली ठेवलं, ह्यांच्याकडे बघितलं, तर यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी.

परेशला नाही सांगितलं. तेही सांगू शकत नाहीत आणि मी सांगत नाही. रात्री ते माझ्या पदराचं टोक आपल्या मनगटाला बांधून घेतात. गाठ मीच मारते, त्यांना एका हाताने येत नाही. पण सुटली तर? आणि उद्या ते नसले तर, मी गाठ कोणाला मारू?

जाळी कशी लावणार? शेठ कोणालाच देत नाहीत लावायला, बाहेरून बिल्डिंग तुरुंगासारखी दिसते म्हणे. आणि समजा दिली परवानगी, तर परेशला काय सांगू, कशासाठी? एकदा सांगितलं की संपलं. पिंकी माझ्याकडे कधीच नाही येणार. क्षितिजा वाईट नाही, पण ती आई आहे, तिच्या जागी मी असते तर मीही पोर दिली नसती. आणि मग मला कुठेतरी ठेवतील. क्षितिजाच्या मावशीला ठेवलंय तशा एका ठिकाणी, मी गेले होते भेटायला केळी घेऊन. शेजारच्या खाटेवर एक बाई बांधलेली होती. जुन्या साडीच्या पट्टीने, नीट, लागू नये अशी बांधलेली. ती मला म्हणाली, बाई, जरा सोडा हो, दूध उतू जाईल. तेव्हापासून मी केळं खाल्लेलं नाही.

मी सगळा विचार केला आहे, रिटा. तू समजतेस म्हातारी घाबरून काहीही बरळते. वर गेलं तर मोटर ऐकू येणार नाही, खरं आहे, पण सातव्याच्या डोक्यावर टाकी, तिच्यात पाणी पडतं ते ऐकू येणार. मधला घेतला तर दोन्ही ऐकू येईल. पहिला घेतला तरी खाली फरशी आहे, आणि पोराचं डोकं केवढंसं असतं. तळमजल्याला मोटर अगदी खोलीशेजारी, रोज उठवणार मला, पण पाय टाकला तर टाकला — पलीकडे जमीनच आहे ना? बावखलही तुम्ही भरून टाकलंत, बुडायलाही काही ठेवलं नाही. जाईन, फिरेन, येईन परत. वॉचमन म्हणेल म्हातारी फुलं वेचते. परेशने सातव्यावर तिचा पाळणा कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवलंय. आजीच्या खोलीत, खिडकीखाली, हवा चांगली येते म्हणून.

माझ्याकडे अशी बघू नकोस गं. पाणी दे थोडं. नको, राहू दे, खिडकीजवळ जावं लागेल तुला.

लिही, बाय. तळमजला, मागचा. मी सही करते आणि परेश यायच्या आत जाते. त्याने विचारलं तर सांग, म्हातारी लिफ्टला भ्याली, ऐकेचना. चिडेल, चार दिवस बोलणार नाही, मग विसरेल. बापावर गेलाय, राग टिकत नाही. आणि बाकीचं जे बोलले ते तुझ्याजवळच — शपथ नको, तुझ्यावर विश्वास आहे. आण इकडे ते पेन. कुठे करायची, इथे? चष्मा आणला नाही मी, बोट ठेव तू —

काय लागलं ते खाली? हां, स्लॅबला पाणी मारत असतील तुमची माणसं. मोटर आहे ना ती. मोठी दिसते. आमच्या मोटरचा आवाज असाच होता, आधी घरघर आणि मग एकदम मोकळा. ऐक. झाला मोकळा. आज लाईट लवकर आली म्हणायची. हे गेले वाटतं बावखलावर, मला उठवलंही नाही. पेन धर हे. केळीकडचा पाट बुजलाय, काल सांगायचं राहिलं यांना, सगळं पाणी तुमच्याकडे जाईल आणि मग तूच बोलशील. पोर कुठे आहे? झोपू दे, झोपू दे. तू बस, मी आत्ता आले. पदर का धरलास गं, क्लेमेंटीन? सोड. पाणी फुकट चाललंय.