नर्मदेच्या वाळूची सवय

मांजर पाळायचा विचार करून राहिले असाल, तर आधी माझं ऐका.

आमच्या घरी पिल्लू आलं, तेव्हा त्याच्यासाठी ट्रे आणला, दुकानातून मांजरांची वाळूही आणली. बायको त्याला उचलून ट्रेमध्ये बसवायची. ते वास घ्यायचं, उतरायचं आणि माझ्या बुटात जाऊन बसायचं. बूट धुऊन धुऊन मी थकलो.

तेवढ्यात हरतालिका आली. पूजेची पिंड करायला आईने मला नर्मदेची वाळू आणायला ग्वारीघाटला पाठवलं. आणलेली वाळू मी परातीत काढून देवघरासमोर ठेवली. आई फुलं घेऊन येते तर पिल्लू परातीत. त्याने खड्डा केला, काम उरकलं आणि वर नीट वाळू ओढली.

आई म्हणाली, "काहून रे, तू इथंच उभा होता ना?"

"पाहून राहिलो होतो. पहिल्यांदा बरोबर करून राहिलं, म्हणून मधे बोललो नाही."

आईचा निर्जळी उपास. भांडायलाही घशात ओल नव्हती. तिने परात माझ्या हातात दिली. "ही त्याला ठेव. मला दुसरी आणून दे."

आता ते दुसऱ्या कुठल्या वाळूला पाय लावत नाही. दर रविवारी मी पिशवी घेऊन घाटावर. परवा तिथली फुलवाली कौतुकाने म्हणाली, "भैया, आपके घर में तो बहुत पूजा होती है."

मी म्हटलं, "हाँ दीदी. दिन में चार बार."