कडीला बांधलेलं लिंबू

हसू नका, पण लष्कराने विकलेली जुनी मालवाहू विमानं जंगलातल्या आगी विझवायला वापरतात, माहितीये ना? पोटात पाण्याची टाकी बसवायची. बटण दाबलं की खालचं दार उघडतं आणि सगळं पाणी आगीवर. तसली एक टाकी चारकोपला आमच्या वर्कशॉपमध्ये बनली. दार मी बसवलं होतं. चाचणीत ते अडकलं तर ऑर्डर जाणार होती, आणि तिच्याआधी मी.

मालक तात्या, मालवणचे. टाकी स्टँडवर चढवून अर्धी भरली, तात्यांनी नारळ फोडला. गिऱ्हाईक साहेबांनी बटण दाबलं. दार ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म.

तात्या सगळ्यांसमोर ओरडले, "कॉलेज सोडून इलस, आता माका बुडवतस!"

माझी वाट लागली. वाकून बघतो तर दाराची कडी आणि स्टँड यांना तारेने करकचून बांधलेली लिंबू-मिरची.

"तात्या, ही कोणी बांधली?"

"मीच. दिष्ट लागा नये म्हणान."

"मग सोडा तुम्हीच!"

म्हातारा तणतणत टाकीखाली शिरला आणि तार ओढली. साहेबांचं बोट अजून बटणावरच होतं. अर्धी टाकी सरळ तात्यांच्या डोक्यावर.

साहेब हसत म्हणाले, "पास!" माझा जीव भांड्यात पडला.

आणि तात्या? शर्ट पिळत सगळ्यांना सांगत होते, "बघलात? लिंबान काम केल्यान!"