चिमणाबाईसाठी मागणं

नाय हो जावईबापू, रागावलो नाय मी — बसा, त्या कठड्यावर बसा, क्रॉसला टेकू नका, चुना ओला हाय अजून. उद्या मेलेल्यांचा दिवस, सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात येणार, फादर इथंच मिस्सेची प्रार्थना करणार, अन् माझ्या चिमणाबाईची एकुलती एक लेक तेवढी आईच्या कबरेवर येणार नाय — हेच सांगायला पाठवलं ना प्रतिभानं? का, तर मेलेल्यांसाठी प्रार्थना करा असं बायबलात कुठं लिहिलेलं नाय. तुमच्या प्रार्थना-मंडळात जायला लागली तेव्हापासून एकच धोशा — कुठं लिहिलंय? तुमच्या बायबलात नसेल, बरोबर हाय. आमच्या कॅथलिक बायबलात मक्काबींचं पुस्तक हाय, त्यात हाय. तुमच्या प्रोटेस्टंट लोकांनी ते बाहेर ठेवलं. दाखवू का काढून? — जाऊ द्या. सारी उमर दिंडोरीकडच्या वस्त्यांवर धर्मशिक्षण देण्यात गेली, हेच बोलत आलो, जीव थकला आता.

पण एक सांगा, पुस्तक आधी का माणसं आधी? येशूनं काय छापून दिलं होतं? शिष्य गावोगाव फिरले, तोंडानं सांगितलं, लोकांनी ध्यानात ठेवलं, एकत्र बसून भाकर मोडली — मग कुठं कोणी लिहून काढलं, अन् त्यातलं काय वाचायचं, काय नाय, हे ठरायला शेकडो वर्षं गेली. कोणी ठरवलं? ख्रिस्तसभेनंच, म्हणजे चर्चनंच ना? मग तिनं निवडलेलं पुस्तक तेवढं खरं, अन् तिनं तोंडातोंडी जपलेलं सगळं खोटं, असं कसं? — बघा, लागलो शिकवायला. प्रतिभा म्हणतेच, बाबा, तुम्ही बोलत नाय, शिकवता.

तिच्या आईला अक्षरओळख नव्हती. द्राक्षाच्या बागेत मजुरी करता करता पोरीला साऱ्या प्रार्थना तिनं तोंडी शिकवल्या. अन् जाताना मला काय म्हणाली? मास्तर, तुमचं ज्ञान राहू द्या बाजूला, पोरीला सांगा, माझ्यासाठी देवाकडं मागत जा म्हणावं. मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? आता वर गेल्यावर कुठलं तोंड दाखवू तिला?

खरं सांगू? प्रतिभानं माझं काही मानू नये. फादरच्या मागं एक शब्दही म्हणू नये. नुसतं माझ्या शेजारी उभं राहावं. मला एकट्याला मागायला जमत नाय हो — तोंड उघडलं की रडू येतं, अन् प्रार्थना राहूनच जाते.

काय म्हणता? — कुठं हाय? गेटबाहेर? रिक्षात? मघापासून बसलीय?

... नाय, नाय, मी येत नाय. मी आलो की पुन्हा वादच घालीन, मला ठाऊक हाय. काही सांगू पण नका तिला. उठा तुम्ही — जा, ऊन लागत असेल पोरीला.