ब्रेकला बांधलेला नाडा

मी मूळचा गंजाडचा, घरची भातशेती, पण माझा जीव पहिल्यापासून इंजिनात, काय सांगू तुम्हाला, मळणीच्या मशीनजवळ खुळ्यासारखा उभा राहायचो आन् आई ओरडायची, अरे पेंढा कोण उचलणार? मंग वापीला ट्रकच्या गॅरेजात दहा वर्षं हात काळे केले आन् तलासरीला हायवेच्या कडेला स्वतःची शेड टाकली. गिअरबॉक्स उघडायला मी घाबरत नाय, पण उगाच उघडणाऱ्याचा मला राग येतो.

वेवजीच्या शाळेत सुनंदाबाई शिकवतात. डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला, म्हणून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली, तिला क्लचचं पेडल नाय ना, उजव्या पायावर सगळा कारभार. यंदा दसऱ्यानंतर गाडी बिघडली, हायवेला इंजिन नुसतं ओरडतंय, पेट्रोल पितंय. एका मोठ्या वर्कशॉपवाल्याने बघितलं न बघितलं, बोलला कन्व्हर्टर लॉक होत नाय, गिअरबॉक्स उतरवा. बाई माझ्याकडे येऊन बसल्या, काशिनाथभाऊ, एवढा खर्च झेपायचा नाही, विकून टाकते. अहो, मंग शाळेत जाणार कशा? बोलल्या, नाही जाणार, घरी बसेन. बोललो, बाई, चार दिवस द्या, मी हिला सोडत नाय.

आता हा लॉक काय, तर कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला जातो, त्यात थोडा घसरतो, मंग गाडी वेगात आली की आतला क्लच दोघांना घट्ट धरतो आन् इंजिनाचा काटा जरा खाली येतो. माझ्याकडे स्कॅनर नाय, पण काटा आहे आन् पाय आहे. सत्तरवर चालवायची, डाव्या पायाने ब्रेकला नुसतं शिवायचं, लॉक असेल तर सुटतो, काटा उडतो. इथे काटा हलेचना, म्हणजे लॉक लागतच नाय! तेल हुंगलं, जळकं नाय, म्हणजे आतला क्लच शाबूत. वायरी तपासल्या, ठीक. तीन दिवस असेच गेले, बायको बोलली, त्या गाडीतच झोपा आता.

चौथ्या दिवशी बाई आल्या. गाडीची पाठ भिंतीला, मी चावी फिरवून सीटवर मांडी घालून डोकं खाजवतोय. गाडीमागून बाई बोलल्या, भाऊ, ब्रेक दाबलाय का? नाय हो, पाय वर आहेत. मग भिंत लाल कशी दिसते?

खाली वाकलो, बॅटरी मारली, आन् काय बघतो, पूजेचा लाल नाडा! दसऱ्याला शेडमध्ये येईल त्या गाडीची मी पूजा करतो, बाईंची पण आलेली, लोक नाडा स्टिअरिंगला बांधतात, मी ब्रेकला, जीव तोच वाचवतो ना, माझी आपली रीत. त्याची गाठ वर सरकून पेडल आन् त्याच्या वरच्या टेकूच्या मध्ये बसलेली, पेडल पुरतं वर येऊन ब्रेकचा स्विच दाबेना, म्हणून मागचे लाल दिवे पेटलेलेच आन् गाडीला वाटायचं ब्रेक दाबलेलाच आहे, मंग ती लॉक कशाला करेल?

खोटं कशाला बोलू, मनात आलं, गुपचूप कापावा, वर शाबासकी घ्यावी. पण भिंत बाईंनीच दाखवलेली. बोललो, बाई, वर्कशॉपला शिव्या देत बसलो, चूक माझ्या हातची. लाज वाटली हो. नाडा कापला, दोघं हायवेला गेलो, सत्तरला काटा अलगद खाली आला आन् बाईंच्या डोळ्यांत पाणी.

आता कुठली पण गाडी आली की आधी तिची पाठ भिंतीला लावतो. बाईंना बोललो, पुढच्या दसऱ्याला तुमच्या गाडीला नाडाच नको. तर हसल्या, बोलल्या, स्टिअरिंगला बांधा, पण बांधायचा तुम्हीच.