रेषेपलीकडे कोरे ठेवावे

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या नकाशा कार्यालयाचे संचालक साहेब, खात्यातून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आखणी विभागातले माझे सोबती, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

छत्तीस वर्षं इथे रेषा ओढल्या. पाहुण्यांनी आत्ता इतकं कौतुक केलं की क्षणभर वाटलं, मी गेलोच! म्हणाले, ‘यांनी पुसलेलं कुणाला सापडायचं नाही.’ तुम्ही टाळ्या वाजवल्यात. खरं सांगू? मला किळस आली. पाहुण्यांची नव्हे हो, त्यांचं काय चुकलं? माझी स्वतःची.

नव्या पोरांनी ते काम पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. नकाशा आखायच्या पारदर्शक फिल्मवरची शाई रबरानं जात नाही. ब्लेड आडवं धरून ती खरवडायची आणि ती जागा अंगठ्याच्या नखानं घासून गुळगुळीत करायची. माझं नख त्यात कायमचं झिजलं. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या देशाशी बिनसलं आणि परिपत्रक आलं, ‘सीमारेषेपलीकडे कोरे ठेवावे.’ मी तेव्हाच्या हेडसाहेबांना विचारलं, “साहेब, नदीचं काय करू?”

“रेषेपाशी थांबवा.”

“पाणी थांबतं का साहेब?”

“नकाशात थांबतं,” म्हणाले. मीही मान डोलावली. नंदीबैल कुठला!

तेव्हापासून दर आवृत्तीत ती रेषा जाड होत गेली. आता जमिनीवर मोजाल तर तिच्या जाडीतच एखादं गाव मावेल. देश म्हणजे काय, हे मुलांना कोण शिकवतं? वर्गातल्या भिंतीवरचा आपला नकाशा. माझी नात त्याच्याकडे बघून मला म्हणाली, “आजोबा, रेषेच्या पलीकडे माणसं नसतात ना?” मी हसण्यावारी नेलं. लाज वाटायला हवी होती.

कारण पलीकडची सत्तावीस गावं मीच तीन दिवसांत खरवडली होती. त्यातलं एक माझ्या थोरल्या बहिणीचं. ताई लग्न होऊन गेली तेव्हा मधे फक्त होडीचा प्रवास होता. तिचं गाव पुसताना ब्लेड क्षणभर बाजूला ठेवलं असेल, असं वाटतं ना तुम्हाला? छे! वेळेत काम संपवलं, घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

गेल्या वर्षी दाजी वारले. ताई सत्तर वर्षांची, घरात एकटी. फोनवर म्हणाली, “बाळ्या, आता मला घेऊन जा रे.” तिला इकडे आणायच्या परवान्यासाठी अर्ज केला. दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मी स्वतः परवाना कचेरीच्या खिडकीशी गेलो. शेरा होता, ‘अर्जातील गाव अधिकृत नकाशात आढळत नाही.’ खिडकीतल्या बाईंनी नकाशा माझ्याकडे फिरवला. “तुम्हीच दाखवा काका, कुठे आहे?”

भिंग लावून पाहिलं. एखादं अर्धमुर्धं अक्षरसुद्धा राहिलेलं नव्हतं. इतकं चोख काम! ताई रोज फोन करते. तिला काय सांगू, तुझं गाव तुझ्या भावानंच गिळलं?

असो. मघाशी संचालक साहेबांनी मला निरोपाची भेट म्हणून ताज्या आवृत्तीचा नकाशा दिला. खाली त्यांची सही, शेजारी कार्यालयाचा शिक्का. पाहुण्यांचं भाषण जरा लांबलं, राग मानू नका, आणि शाईचं पेन माझ्या खिशात असतंच. मांडीवर नकाशा उलगडून मी नदी रेषेच्या पलीकडे नेली. सतरा किलोमीटरवर, वळणापाशी, ताईचं गाव मांडलं. ठिपका तोच, अक्षराचं वळणही तेच. नाही साहेब, उठू नका. ते पुसायचं तर खरवडावं लागेल, आणि ज्याला ते जमायचं तो माणूस आज निवृत्त झाला.

उद्या सकाळी दहाला मी हा नकाशा घेऊन त्याच खिडकीशी उभा राहणार आहे. गाव आहे की नाही, असं त्या बाई खाली सही करणाऱ्याला फोन लावून विचारतील. काय उत्तर द्यायचं ते, साहेब, तुमचं तुम्ही ठरवा.

इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आजही ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. आणि साहेब, उद्या दहा वाजता फोन उचला. ताई वाट बघतेय.